प्रोस्टेट कर्करोगाचे शस्त्रकर्म : पूर्वकर्म, पश्चात्कर्म आणि आपली जबाबदारी

गेल्या काही वर्षांत आमच्या चिकित्सालयात एक प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला आहे. साठी ओलांडलेला रुग्ण, सोबत मुलगा किंवा पत्नी, हातात तपासण्यांची जाड फाईल. बायोप्सी झालेली असते, शस्त्रकर्माची तारीख ठरलेली असते आणि रुग्ण विचारतो, "वैद्यराज, ऑपरेशनपर्यंत आणि त्यानंतर तुमचे काय घेऊ?" काही जण याच्याही पुढे जाऊन विचारतात, "ऑपरेशन टळेल असे काही आहे का?" या दोन प्रश्नांना आपण वैद्यमंडळी आणि औषधालयचालक काय उत्तर देतो, यावर कित्येकांचे आयुष्य आणि त्या आयुष्याची प्रत अवलंबून आहे. या उत्तरात आपल्या व्यवसायात पुरेशी शिस्त नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते मांडताना सुरुवात आमच्या स्वतःच्या चुकीपासून करणेच योग्य होईल.

आमची चूक

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. चौसष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. गावात सर्व जण त्यांना गुरुजीच म्हणत. रात्री चार-पाच वेळा मूत्रप्रवृत्तीसाठी उठावे लागणे, धार बारीक होणे, मूत्रविसर्जनानंतरही समाधान न वाटणे अशी लक्षणे होती. आम्ही वाताष्ठीलेचे निदान केले, चंद्रप्रभा वटी आणि गोक्षुरादि गुग्गुळ दिला, पथ्य सांगितले. महिनाभरात रात्रीचे उठणे दोनवर आले. गुरुजी संतुष्ट झाले आणि आम्हीही. अशीच आठ महिने औषधे चालू राहिली. मुंबईहून आलेल्या मुलाने आग्रहाने रक्ताची पी.एस.ए. तपासणी करून घेतली, तेव्हा ती १९ नॅनोग्रॅम निघाली. बायोप्सीत कर्करोग सापडला. सुदैवाने तो ग्रंथीबाहेर पसरल्याचे तपासण्यांत दिसले नाही.

पहिली चूक येथे झाली. आरंभीच्या प्रोस्टेट कर्करोगाला बहुधा कोणतेही लक्षण नसते. मूत्राच्या तक्रारी बहुतेक वेळा वयोमानानुसार होणाऱ्या साध्या ग्रंथिवृद्धीमुळे असतात आणि त्या आपल्या औषधांनी कमी होऊ शकतात. परंतु तक्रार कमी झाली याचा अर्थ शेजारी कर्करोग नाही असा होत नाही. लक्षण शमले म्हणून आम्ही निदान योग्य ठरवले. गुदमार्गे अंगुलीने ग्रंथीची परीक्षा करणे आम्हांला महाविद्यालयात शिकवले होते. ती केली असती, किंवा पहिल्याच भेटीत पी.एस.ए. सांगितली असती, तर आठ महिने गेले नसते.

दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी आहे. शस्त्रकर्माच्या आधी गुरुजींनी विचारले, "तुमची औषधे चालू ठेवू की बंद करू?" आम्ही म्हणालो, "चालू ठेवा, वनस्पतीच तर आहेत." त्यांनी विश्वासाने चालू ठेवली आणि भूलतज्ज्ञांना त्याविषयी सांगितले नाही, कारण आम्ही ते सांगण्यास सुचवलेच नव्हते. शस्त्रकर्मात रक्तस्राव अपेक्षेपेक्षा अधिक झाला, रक्त चढवावे लागले. त्याचे कारण आमचे औषध होते असे कोणी सिद्ध केले नाही. पण ते नव्हतेच, असे आम्हीही छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

शास्त्र काय सांगते

शस्त्रकर्माला आयुर्वेदाचा विरोध आहे, हा गैरसमज रुग्णांत आहे आणि खेदाने म्हणावे लागते की काही वैद्यांतही आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे त्रिविध कर्म सांगितले आहे. चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात, अश्मरीच्या संदर्भात, शस्त्रकर्म न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश संशयित, अशा स्थितीत अधिपतीची अनुज्ञा घेऊनच शस्त्र हाती घ्यावे असे त्यांनी बजावले आहे. धोका लपवू नये, संमती घ्यावी, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

त्याच अध्यायातील एक भाग प्रत्येक वैद्याने पुन्हा वाचावा. बस्तिप्रदेशी शस्त्र चालवताना जपावयाची आठ स्थाने आचार्यांनी दिली आहेत आणि त्यांना इजा झाल्यास काय होते तेही सांगितले आहे. शुक्रवह स्रोतसाचा छेद झाल्यास मरण किंवा क्लैब्य, मुष्कस्रोतसाला इजा झाल्यास ध्वजभंग, मूत्रप्रसेकाला इजा झाल्यास मूत्रप्रक्षरण. ते शस्त्रकर्म अश्मरीचे होते, आजचे नव्हे. परंतु प्रदेश तोच आहे. आज संपूर्ण प्रोस्टेट काढल्यानंतर रुग्णाला ज्या दोन गोष्टींची सर्वाधिक भीती असते, त्या नेमक्या याच : मूत्र न रोखता येणे आणि लैंगिक उत्थान न होणे. १९८२ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्समध्ये पॅट्रिक वॉल्श यांनी ग्रंथीच्या दोन्ही बाजूंच्या नाड्या वाचवण्याची पद्धत विकसित केली, तीही याच हानीवर मात करण्यासाठी. आज यंत्रमानवाच्या साहाय्याने लहान छिद्रांतून हे शस्त्रकर्म होते. तरी मूत्राशय आणि मूत्रमार्ग पुन्हा जोडावा लागतो, आणि ती जोडणी भरून येण्यास काळ लागतोच.

शस्त्रकर्म करावे की नाही

हा निर्णय वैद्याने घ्यावयाचा नाही. तो रुग्ण आणि शल्यचिकित्सक यांचा आहे. पण रुग्ण आपल्याकडे सल्ल्यासाठी येतो, म्हणून आपल्याला वस्तुस्थिती ठाऊक असावी. प्रत्येक प्रोस्टेट कर्करोगाला तातडीने शस्त्र लागते असे नाही. ब्रिटनमधील प्रोटेक्ट या अभ्यासात पी.एस.ए. तपासणीतून सापडलेल्या, ग्रंथीपुरत्या मर्यादित रोगाच्या १,६४३ पुरुषांची शस्त्रकर्म, किरणोपचार आणि काटेकोर निरीक्षण अशा तीन गटांत विभागणी केली होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या निष्कर्षांत, या रोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत सुमारे ३ टक्के इतकेच होते आणि गटागटांत फारसा फरक नव्हता. रोग अन्यत्र पसरण्याचे प्रमाण मात्र निरीक्षण गटात इतर दोन गटांच्या सुमारे दुप्पट होते. याचा अर्थ, कमी जोखमीच्या रुग्णाला विचार करण्यास, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास अवधी असतो. अधिक जोखमीच्या रुग्णाला तो तितका नसतो. कोण कोणत्या गटात, हे बायोप्सी, पी.एस.ए. आणि स्कॅन पाहून ठरते, नाडी पाहून नव्हे.

निरीक्षण म्हणजे दुर्लक्ष नव्हे, हेही रुग्णाला समजावून सांगावे. त्यात ठरावीक काळाने पी.एस.ए., परीक्षा आणि गरजेनुसार पुन्हा बायोप्सी असते. "डॉक्टरांनी थांबायला सांगितले, आता आमचा काढा घ्या" असे म्हणून रुग्णाला त्या चौकटीबाहेर काढणे हा अपराध आहे. "चाकू लागला की कॅन्सर पसरतो" या लोकसमजाला तर आपण कदापि दुजोरा देऊ नये.

पूर्वकर्मात वैद्याने काय करावे

बायोप्सीनंतर ग्रंथीभोवतीची सूज उतरावी म्हणून शस्त्रकर्म बहुधा काही आठवडे लांबवले जाते. हा काळ वैद्याच्या दृष्टीने मोलाचा आहे, आणि त्यातले पहिले काम औषध देण्याचे नसून औषध थांबवण्याचे आहे. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने शस्त्रकर्माच्या किमान दोन आठवडे आधी वनस्पतिजन्य औषधे बंद करावीत असे सुचवले आहे. लसूण, आले, हळद, गुग्गुळ यांच्या औषधी मात्रेने रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम होऊ शकतो. यष्टिमधु दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. अश्वगंधा, जटामांसी यांसारखी निद्राजनक द्रव्ये भुलीच्या औषधांचा प्रभाव वाढवू शकतात. स्वयंपाकातील चिमूटभर हळदीविषयी आम्ही बोलत नाही. घनवटी, कॅप्सूल आणि रसकल्पांविषयी बोलत आहोत. रसकल्प घेत असलेल्या रुग्णाची वृक्कांची तपासणी झाली आहे ना, हेही पाहावे.

या काळात "शुद्धी" म्हणून वमन-विरेचन किंवा कडक लंघन करवू नये. शस्त्रकर्माला सामोरे जाणाऱ्या शरीरात बल हवे. सुपाच्य व पुरेसा प्रथिनयुक्त आहार, दररोज चालणे, मधुमेह असल्यास साखरेचे नियंत्रण, मलावष्टंभ असल्यास सौम्य अनुलोमन आणि तंबाखू, मिश्री, विडी पूर्ण बंद, इतके पथ्य पुरेसे आहे. शस्त्रकर्माच्या दिवशी सकाळी नेमाने घेतलेला च्यवनप्राश किंवा दूध चालत नाही, हे वेगळे सांगावे लागते. सुश्रुतांनीही अश्मरी, अर्श, भगंदर आदी कर्मांत रुग्ण उपाशी असावा असेच सांगितले आहे.

एक व्यायाम मात्र आवर्जून शिकवावा. मूत्रधार रोखण्यासाठी जे स्नायू आकसतात, तेच शस्त्रकर्मानंतर मूत्र धरून ठेवतात. ते आधीपासून बळकट केल्यास नियंत्रण लवकर येण्यास मदत होते. अश्विनी मुद्रा अनेकांना ठाऊक असते, परंतु तीत भर गुदावर असतो. येथे आकुंचन पुढच्या बाजूने, मूत्रधार थांबवल्यासारखे व्हावे. पोट, मांड्या आणि नितंब सैल असावेत, श्वास रोखू नये. पाच ते दहा सेकंद आकुंचन, तितकाच वेळ शिथिलता, अशा दहा आवृत्ती, दिवसातून तीन वेळा. प्रत्यक्ष मूत्रविसर्जनाच्या वेळी हा व्यायाम नित्य करू नये. स्नायू ओळखण्यापुरता एकदा केला तर पुरे.

पश्चात्कर्म

शस्त्रकर्मानंतर रुग्ण सामान्यतः एक ते दोन आठवडे लघवीची नळी घेऊन घरी असतो. या काळात वैद्याकडे पहिली विचारणा होते ती मलावष्टंभाची, आणि येथेच आपला मोह आवरला पाहिजे. बस्ती देऊ नये. नव्याने जोडलेला मूत्रमार्ग आणि गुदाची भिंत एकमेकांना लागून असतात. निरूह, अनुवासन, साधा एनिमा, यांतले काहीही शल्यचिकित्सकाच्या स्पष्ट अनुमतीशिवाय, विशेषतः पहिल्या सहा आठवड्यांत, करू नये. उत्तरबस्तीचा तर विचारही नको. मऊ भात, मुगाचे वरण, शिजवलेल्या भाज्या, तूप, पुरेसे पाणी आणि शल्यचिकित्सकाला कळवून दिलेले सौम्य सारक एवढ्याने काम भागते. प्रवाहण, म्हणजे शौचास जोर करणे, पूर्ण टाळावे. उकिडवे बसण्याऐवजी कमोड वापरावा. सहा आठवडे जड उचलू नये, सायकल किंवा दुचाकी चालवू नये. घरातल्या घरात आणि अंगणात थोडे थोडे चालणे मात्र पहिल्या दिवसांपासून हवे.

नळी असताना वरील व्यायाम करू नये. ती काढल्यावर, शल्यचिकित्सकांनी सांगताच पुन्हा सुरू करावा. नळी तुंबली, मूत्र येईनासे झाले, रक्ताच्या गुठळ्या आल्या किंवा ताप आला, तर रुग्णाला तत्काळ शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. गावातल्या कोणी नळी ओढून काढणे किंवा नवी घालण्याचा प्रयत्न करणे यातून जोडणी फाटू शकते. एक पिंडरी सुजली, दुखू लागली तर वातव्याधी समजून अभ्यंग करू नये. शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर मर्दनाने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. सोबत धाप लागली तर क्षणाचाही विलंब नको.

नळी निघाल्यानंतरचे दिवस रुग्णाला सर्वांत जड जातात. आमचे गुरुजी नळी काढल्यावर चौथ्या दिवशी आले आणि दार लावून घ्या म्हणाले. धोतराच्या आत टॉवेल गुंडाळला होता. "आयुष्यभर पोरांना शिस्त शिकवली, आणि आता मला माझीच लघवी ऐकत नाही," एवढेच बोलले आणि रडले. त्या वेळी आमच्याकडे त्यांना देण्यासाठी औषध नव्हते आणि माहितीही नव्हती. आज आहे. बहुसंख्य रुग्णांचे नियंत्रण तीन महिने ते वर्षभरात बऱ्याच अंशी परत येते. पॅड वापरण्यात लाज नाही. पाणी पिणे कमी करणे हा उपाय नव्हे, चहा-कॉफी कमी करावी. वर्षानंतरही गळती त्रासदायक राहिली तर शल्यचिकित्सेत त्यावर उपाय आहेत. हे कोणी तरी शांतपणे बसून सांगितले, तर रुग्णाचा निम्मा भार उतरतो. शल्यचिकित्सकाला बहुधा तेवढा वेळ नसतो. आपल्याला असतो, आणि तो द्यावा.

वाजीकरणाचा मोह

दुसरी तक्रार रुग्ण उशिरा सांगतो, कित्येकदा सांगतच नाही. नाड्या वाचवल्या असल्या तरी उत्थान परत येण्यास दीड-दोन वर्षे लागू शकतात, आणि काहींत ते पूर्ववत होत नाही. प्रोस्टेट आणि शुक्राशये काढलेली असल्याने शुक्रस्खलन होत नाही, हे पतिपत्नी दोघांनाही शस्त्रकर्मापूर्वीच ठाऊक असावे. अन्यथा त्याचा अर्थ दोघेही मनात वेगवेगळा लावत बसतात.

अशा वेळी वैद्याचा हात सहज वाजीकरण कल्पांकडे जातो. येथे थांबावे. १९४१ साली चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिले की वृषणांतील संप्रेरक कमी केल्यास पसरलेला प्रोस्टेट कर्करोग आक्रसतो. या कार्यासाठी १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा रोग त्या संप्रेरकावर पोसतो, हे तेव्हापासून उपचाराचे सूत्र आहे. अश्वगंधेच्या काही छोट्या चाचण्यांत याच संप्रेरकाचे प्रमाण वाढल्याचे नोंदले गेले आहे. कपिकच्छू, गोक्षुर, शिलाजित यांचे मिश्रण तर आपण "ताकद वाढवणारे" म्हणूनच देतो. ज्याच्या शरीरात रोगाचा अंश उरला असेल, किंवा ज्याचे संप्रेरक औषधांनी मुद्दाम कमी ठेवले असेल, त्याला ते वाढवू शकणारे औषध देणे कोणत्या युक्तीत बसते? उत्थानासाठी शल्यचिकित्सकाकडे गोळ्या, निर्वात पंप, सुई असे क्रमवार उपाय आहेत. रुग्णाला तिकडे पाठवण्यात कमीपणा नाही.

शस्त्रकर्मानंतर पी.एस.ए. न सापडण्याइतकी खाली जाते आणि तशीच राहावी लागते. ती ०.२ किंवा अधिक झाली आणि पुन्हा तपासूनही तशीच आली, तर रोग परतल्याची शंका घ्यावी लागते आणि त्या वेळी किरणोपचारांची वेळ साधावी लागते. "पी.एस.ए. खाली आणणारे" म्हणून कोणताही कल्प देऊन ही वेळ चुकवू नये. ज्येष्ठ पुरुषाच्या नव्या, हटवादी पाठदुखीला नुसते कटिग्रह म्हणू नये, हेही त्याच ओघात सांगतो.

औषधालयचालकांस विनंती

औषधालयांच्या मालकांशी आमचा स्नेह आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत कर्करोग, प्रोस्टेट ग्रंथीचे विकार आणि नपुंसकत्व हे तिन्ही आहेत. या रुग्णाला नेमके हेच तिन्ही भेडसावतात, आणि या तिन्हींसाठीच बाजारात सर्वाधिक फलक दिसतात. "वनौषधी" म्हणून विकल्या जाणाऱ्या लैंगिक शक्तीच्या उत्पादनांत आधुनिक औषधे मिसळलेली अनेकदा पकडली गेली आहेत. हृदयरोगासाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाने ती घेतली, तर रक्तदाब प्राणघातक पातळीपर्यंत घसरू शकतो. काउंटरवर आलेल्या प्रौढ पुरुषाला दोन प्रश्न विचारावेत : ऑपरेशन झाले आहे का, किंवा ठरले आहे का? हृदयाचे औषध चालू आहे का? एक विक्री बुडेल, पण माणूस वाचेल.

एक सूचना

आमची संघटनेला नम्र सूचना अशी आहे की एका पानाचे "औषधपत्रक" छापून प्रत्येक सभासदाला द्यावे. त्यात रुग्ण घेत असलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव, प्रमुख घटकद्रव्ये, मात्रा, शेवटचा दिवस आणि वैद्याची सही असावी. रुग्णाने ते शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांच्या हाती द्यावे. आम्ही गेली काही वर्षे हे आमच्यापुरते करीत आहोत. आरंभी काही डॉक्टरांनी ते बाजूला सारले. आता काही जण स्वतः फोन करून विचारतात की अमुक औषध थांबवले का. परस्परविश्वास भाषणांनी वाढत नाही, अशा कागदांनी वाढतो.

गुरुजी आज शहात्तर वर्षांचे आहेत. पी.एस.ए. खालीच आहे. खोकला जोरात आला तर अजून थोडे कपडे ओले होतात, असे ते हसत सांगतात. आमच्याकडे येतात ते सांधेदुखीसाठी. प्रत्येक नव्या पुडीच्या वेळी ते विचारतात, "हे त्या डॉक्टरांना सांगायचे ना?" त्यांनी विचारण्याआधी आपण सांगितले पाहिजे, एवढेच आम्ही त्यांच्याकडून शिकलो. वैद्यबंधूंनी आमच्या चुकीवरून ते शिकावे आणि स्वतःच्या रुग्णावर शिकण्याची वेळ येऊ देऊ नये, ही विनंती.